आघाडी सरकारचा करार विधानसभेच्या पटलावर का ठेवू नये?

वारणाकाठ

बरेच दिवस हा विषय मनात आहे, म्हणून धागा काढतोय. कोणता पक्ष चांगला नि कोणता वाईट, ही चर्चा इथे नको. मला काळजी कारभाराची आहे.

२०१९ चा निकाल २४ ऑक्टोबरला लागला. युतीला स्पष्ट बहुमत होतं, भाजप १०५ आणि शिवसेना ५६. तरी १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि टिकणारं सरकार यायला २८ नोव्हेंबर उजाडला. त्याच दिवसांत परतीच्या पावसाने सोयाबीन, भात, द्राक्षं सगळं झोपवलं होतं. खरिपाला हेक्टरी ८ हजारांची मदत अखेर राज्यपालांनी जाहीर केली, कारण जाहीर करायला मंत्रीच नव्हते.

भांडण कशावरून? फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही पक्षांनी पत्रकार परिषद घेऊन पदं आणि जबाबदाऱ्या समान वाटून घेऊ असं सांगितलं होतं. त्यात अडीच वर्षं मुख्यमंत्रिपद येतं की नाही, यावर दोघं दोन गोष्टी सांगत राहिले. खरं काय ठरलं होतं हे मतदारांपैकी कुणालाच माहीत नाही, कारण तो कागद कुणी पाहिलेला नाही. अहो, भावकीत शेताची वाटणी झाली तरी ती तलाठ्याकडे नोंदवतात. इथे तर अख्खं राज्य आहे.

माझं म्हणणं एवढंच: दोन किंवा जास्त पक्ष मिळून सरकार बनवणार असतील, तर मुख्यमंत्रिपद कुणाला नि किती काळ, खाती कशी वाटली, पहिल्या वर्षात काय करणार, हे सगळं लिहून विश्वासदर्शक ठरावाआधी विधानसभेच्या पटलावर ठेवावं, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे मांडावं. तुम्हाला काय वाटतं?

सायली_रा

+१. साधी मागणी आहे आणि याला खर्चही येत नाही.

तिसरी_घंटा

लिहून काय होतं? कर्नाटक आठवा. २००६ मध्ये जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भाजप यांचं वीस-वीस महिन्यांचं ठरलं. कुमारस्वामींनी आपले वीस महिने पुरे केले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये खुर्ची सोडायची वेळ आल्यावर नाही म्हणाले. नंतर येडियुरप्पा मुख्यमंत्री झाले ते आठवडाभरासाठी. वीस-वीस महिन्यांचं अख्ख्या देशाला ठाऊक होतं, वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं. ज्याला शब्द पाळायचा नाही तो कागदही पाळणार नाही.

उमाकांत_जे

@तिसरी_घंटा, उलटं उदाहरणही आहे की. जम्मू-काश्मीरमध्ये २००२ साली पीडीपी आणि काँग्रेसने तीन-तीन वर्षं ठरवली. मुफ्ती मोहम्मद सईद तीन वर्षांनी पायउतार झाले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये गुलाम नबी आझाद मुख्यमंत्री झाले. तेव्हाच्या काश्मीरसारख्या अवघड राज्यात हे झालं. मग महाराष्ट्रात का होऊ नये?

कक्ष_अधिकारी_निवृत्त

वारणाकाठ, तुमची तळमळ समजते. माझी नोकरी मंत्रालयात गेली, आघाडी आणि युती दोन्हींची सरकारं पाहिली. आतून काय दिसतं ते सांगतो.

मुख्यमंत्री कोण, यावर बाहेर सगळं लक्ष असतं. सरकार चालतं की अडतं हे मात्र वित्त, गृह, महसूल, नगरविकास, जलसंपदा आणि ग्रामविकास ही खाती कुणाकडे आहेत त्यावर ठरतं. १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांत मुख्यमंत्री काँग्रेसचा, पण गृह आणि वित्त राष्ट्रवादीकडे. महसूल काँग्रेसकडे. म्हणजे पैसे खर्च करायचा कोणताही प्रस्ताव काँग्रेसच्या खात्यातून निघाला की अभिप्रायासाठी राष्ट्रवादीच्या खात्यात जायचा. कार्यनियमावलीप्रमाणे आर्थिक भार असलेली नस्ती (फाइल) वित्त विभागाकडे जातेच, त्यात गैर काही नाही. पण 'सविस्तर प्रस्ताव सादर करावा' एवढा शेरा मारून ती परत पाठवता येते, आणि असा शेरा किती वेळा मारावा याला मर्यादा नाही. मंत्री एकमेकांवर नाराज असले की ते आधी नस्त्यांवर उमटतं, पेपरात नंतर येतं.

दुसरी बाजूही सांगतो. हीच अडवणूक कधी कधी उपयोगाची ठरते. एकाच पक्षाचं सरकार असतं तर सिंचनाच्या खर्चावर श्वेतपत्रिका काढा असं मुख्यमंत्री स्वतःच्याच सरकारातल्या खात्याला म्हणाले असते का? २०१२ मध्ये पृथ्वीराज चव्हाण म्हणाले, कारण खातं मित्रपक्षाचं होतं. त्यामागे राजकारण होतंच, पण एरवी कपाटात राहिली असती अशी आकडेवारी लोकांसमोर आली.

तेव्हा करार लिहायचाच असेल तर 'कोण मुख्यमंत्री' यापेक्षा 'नस्ती अडली तर किती दिवसांत कुणी निर्णय द्यायचा' हे लिहा. समन्वय समिती प्रत्येक आघाडी नेमते. तिची बैठक दर महिन्याला व्हावी आणि इतिवृत्त ठेवावं, एवढं जरी बंधन घातलं तरी अर्धी कामं मार्गी लागतील.

सायली_रा

काका, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. असं कुठल्या चॅनेलवर ऐकायला मिळत नाही.

पहाटवारा

करारात एक कलम माझ्याकडून: शपथविधी सूर्योदयानंतर व्हावा आणि आदल्या दिवशी जाहीर व्हावा :)

उमाकांत_जे

@पहाटवारा, हसू आलं, पण नोंद नीट असावी म्हणून सांगतो. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली, आणि फडणवीस व अजित पवार यांची शपथ झाली सकाळी आठच्या सुमारास. लोकांच्या तोंडी 'पहाटेचा शपथविधी' बसलाय. माझ्या मते शपथेच्या वेळेपेक्षा राजवट अंधारात उठवली गेली हेच गंभीर होतं. सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला सांगितलं की उद्याच सभागृहात बहुमत सिद्ध करा, थेट प्रक्षेपणासह. त्याच दिवशी राजीनामे आले. सभागृहात उजेडात या, एवढं म्हटल्याबरोबर प्रश्न सुटला. धागाकर्त्याचंही हेच तर म्हणणं आहे.

आजोबा_सोलापूर

तुम्ही सगळे २०१९ पासून सुरुवात करताय. जरा मागे चला, १९७८ ला.

फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन्ही काँग्रेसनी निवडणुकीत एकमेकांविरुद्ध शिव्याशाप दिले आणि मग मिळून सरकार बनवलं. वसंतदादा मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्याला पहिला उपमुख्यमंत्री मिळाला तो या जोडकामातून. सरकार चार महिने टिकलं. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि १८ जुलैला पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे) मुख्यमंत्री झाले, वय सदतीस.

पुलोदमध्ये कोण होतं ते पाहा. जनता पक्षातले जुने जनसंघवाले आणि समाजवादी एकीकडे, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) दुसरीकडे. उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी ज्या मंत्रिमंडळात बसले त्यातच एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख. ९९ आमदारांच्या पक्षाने मुख्यमंत्रिपद बाहेरून आलेल्या छोट्या गटाला दिलं. 'ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री' हा नियम आपल्याकडे कधीच नव्हता. २००४ मध्ये राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, तरी मुख्यमंत्री विलासराव. राष्ट्रवादीने बदल्यात उपमुख्यमंत्रिपद आणि जास्तीची मंत्रिपदं घेतली. २०२२ मध्ये परत तेच, भाजपसारख्या मोठ्या पक्षाने पद शिंदेंच्या लहान गटाला दिलं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना ठाऊक नसते. पुलोद सरकार येऊन दहा दिवस झाले नव्हते तोच, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. नंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मेली, आणि ठराव अंमलात आला नाही. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. सभागृहात सगळे हात वर करतात. बाहेर मार सोसायची वेळ आली की आघाडीतला प्रत्येक पक्ष आपापल्या तालुक्याकडे बघतो. कागदावरचा करार तिथे पुरत नाही, पोरांनो. तिथे छाती लागते.

वारणाकाठ

आजोबा, हे लिहिलंत म्हणून धन्यवाद. एक मात्र मांडतो. रोजगार हमीचा कायदा सर्वपक्षीय संमतीने १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, तेव्हा पुलोदचंच सरकार होतं. कायदा आधीच्यांचा, अंमल पुढच्यांचा. लिहिलेलं असलं की माणसं बदलली तरी काम चालू राहतं, याचं आपल्याच राज्यातलं हे उदाहरण आहे.

म्हादईकाठ

आमच्या गोव्यात चाळीस आमदार, त्यामुळे हा खेळ फार जवळून दिसतो. २०१७ मध्ये काँग्रेस १७, भाजप १३. निकाल लागल्यावर तीन दिवसांच्या आत मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), गोवा फॉरवर्ड आणि अपक्ष यांना घेऊन पर्रीकरांचं सरकार शपथ घेऊन मोकळं. त्यासाठी ते दिल्लीचं संरक्षणमंत्रिपद सोडून आले, कारण घटक पक्षांनी पाठिंबा त्यांच्या नावावर दिला होता. त्यांच्या निधनानंतर मार्च २०१९ मध्ये एवढ्याशा राज्यात दोन-दोन उपमुख्यमंत्री करावे लागले, सुदिन ढवळीकर आणि विजय सरदेसाई. थोड्याच दिवसांत मगोच्या तिघांपैकी दोघे रात्रीतून भाजपात विलीन झाले आणि ढवळीकरांचं मंत्रिपद गेलं. जुलैमध्ये काँग्रेसचे दहा जण आले आणि सरदेसाईंचंही गेलं.

म्हणून विचारते, तुमचा तो करार कोणाशी? पक्षाशी की आमदाराशी? लहान पक्षाचे दोन-तृतीयांश म्हणजे दोन माणसं. ती उठून गेली की करारावर सही करणारा पक्षच उरत नाही.

तिसरी_घंटा

अगदी हेच म्हणायचं होतं मला.

श्टुटगार्टवासी

इथे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात राहतो, मूळचा सांगलीचा. इथली पद्धत सांगतो, पटली तर बघा.

या राज्यात २०१६ पासून ग्रीन पक्ष आणि सीडीयू यांचं एकत्र सरकार चाललं. विचारांनी दोन टोकं म्हणावीत असे हे पक्ष. २०२१ च्या निवडणुकीनंतर दोघांच्या गटवार बैठका काही आठवडे झाल्या, शाळा, रस्ते, ऊर्जा, शेती असे विषय वाटून. त्यातून शंभराहून अधिक पानांचा करार निघाला. तो छापून सगळ्यांसाठी खुला केला, मग दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांत त्यावर मतदान झालं, आणि त्यानंतर विधिमंडळात मुख्यमंत्र्यांची निवड. म्हणजे खालच्या कार्यकर्त्यालाही आधी वाचायला मिळालं की आपण काय सोडतोय आणि काय मिळवतोय.

पण @तिसरी_घंटा यांचा आक्षेपही खरा आहे. असा करार न्यायालयात लागू करून घेता येत नाही. जर्मनीच्या केंद्रात २०२१ मध्ये तीन पक्षांनी जाडजूड करार केला होता, तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थसंकल्पावरून सरकार मोडलं. फरक असा की मोडलं तेव्हा कुणी काय कबूल केलं होतं हे सगळ्यांसमोर होतं. मतदाराला हिशेब करता आला.

म्हादईकाठ, आमदार पळण्याबद्दल: इथल्या पक्षांत उमेदवारी खालून ठरते, वरून येत नाही. त्यामुळे पक्ष सोडणाऱ्याला परत उभं राहायला जमीन नसते. हे मला कायद्यापेक्षा मोठं कारण वाटतं.

वऱ्हाडी_कापूस

लिखित कराराचं काय होते ते आम्हाले विचारा ना बाप्पा. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. लिहिलेला, सह्या झालेला. विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून काही काळ सरकार नागपुरात. १९६० पासून हिवाळी अधिवेशन होते, पण ते किती आठवड्याचं होते? २०२० आणि २०२१ ला तर नागपुरात झालंच नाही, कोरोना होता हे मान्य. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, मुदतवाढ मिळाली नाही. विधान परिषदेवरच्या १२ राज्यपालनियुक्त आमदारांचा वाद आणि आमच्या मंडळांचा प्रश्न एकमेकांत अडकवून ठेवला. तीन पक्षांचं सरकार, प्रत्येकाचा गड वेगळा, आमच्या अनुशेषासाठी, म्हणजे मागे राहिलेल्या विकासासाठी, भांडणारा एकही नाही.

उमाकांत_जे

@वऱ्हाडी_कापूस, अनुशेषाबद्दल तुमचा राग रास्त आहे. पण मंडळांचं अडलं ते सरकार आणि राजभवन यांच्या ओढाताणीत. एका पक्षाचं सरकार असतं तरी ते झालं असतं. आघाडीच्या माथी सगळंच मारू नये.

वऱ्हाडी_कापूस

मारत नाही. पण मुदतवाढीचा प्रस्ताव वेळेवर करणं कोणाच्या हातात होतं?

सायली_रा

दादा, पण मला तर तुमच्या उदाहरणातून उलटंच दिसतंय. नागपूर करार लिहिलेला होता म्हणूनच सत्तर वर्षांनंतर तुम्ही तारखेसकट जाब विचारू शकता. तोंडी असता तर कोण विचारणार होतं?

वऱ्हाडी_कापूस

हे मात्र खरं बोललात ताई.

गोदाकाठची_माई

मी नाशिकची. तुमचं सगळं मुंबई-नागपूरच्या पातळीवर चाललंय, मी जिल्ह्याचं बोलते.

२०२४ च्या निकालात महायुतीला २३० जागा, म्हणजे बहुमताची चिंताच नाही. तरी निकाल २३ नोव्हेंबरला, शपथ ५ डिसेंबरला, विस्तार १५ ला, खातेवाटप २१ ला. १८ जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगड या दोन जिल्ह्यांच्या नियुक्त्यांना स्थगिती. रायगडला अदिती तटकरे की भरत गोगावले, आमच्याकडे गिरीश महाजन की दादा भुसे. आणि आमच्याकडे तर कुंभमेळ्याची तयारी डोक्यावर.

लोकांना वाटतं पालकमंत्री म्हणजे झेंडा फडकवणारा. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तोच असतो. गावचा रस्ता, शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती, यांचा निधी त्या समितीतून जातो. आमच्या बचतगटाच्या शेडचा प्रस्ताव एका कार्यालयात पडून होता. विचारायला गेलं की उत्तर एकच: 'पालकमंत्री ठरू द्या.' बायका पावसात मसाले कुठे कांडणार?

बहुमत कमी म्हणून आघाडी अडते हे मला पटत नाही. आमदार जास्त झाले की वाटेकरी पण जास्त होतात.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

माई, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. आपल्या २८८ मध्ये ते ४३ होतात. २३० आमदारांत ४३ पदं. मग नाराजांसाठी महामंडळं, समित्या, आणि पालकमंत्रिपदाची ओढाताण. पालकमंत्री हे पद घटनेत नाही, शासनाच्या आदेशाने चालतं, म्हणून त्यावर खेचाखेची करायला सगळ्यांना मोकळीक आहे.

संपादक_मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. दोन प्रतिसाद व्यक्तिगत टीकेमुळे काढले आहेत. नेत्यांना टोपणनावांनी संबोधू नका.

वकील_पार्वती

उशिरा आले, सगळं वाचलं. कायद्याच्या अंगाने मूळ प्रश्नाकडे वळते.

एक, असा करार पटलावर ठेवायला घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाच्या नियमांत बदल करून किंवा नुसती प्रथा म्हणूनही सुरू करता येईल. राज्यपालांना पाठिंब्याची पत्रं दिली जातातच, त्यात फक्त सह्या असतात, अटी नसतात. सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये राज्यपालांनी कुणाला आधी बोलवावं याचा क्रम सांगितला, त्यात निवडणूकपूर्व युती सर्वांत वर. म्हणजे युतीला प्राधान्य हवं असेल तर तिच्या अटी निवडणुकीआधीच जाहीर करायला सांगणं न्याय्य आहे. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात तर निवडणूकपूर्व आघाडीला पक्षांतरबंदीसाठी एकच पक्ष धरावं असं सुचवलं होतं. म्हादईकाठ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. पण ते झालं तर आघाडी सोडण्याचा खरा हक्कही जाईल, आणि मला ते मान्य नाही. मतभेद तत्त्वाचा असेल तर पक्षाला बाहेर पडता आलं पाहिजे.

दोन, अध्यक्षपद. या धाग्यात कुणी त्याचं नावही घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी विधानसभा अध्यक्षपद सोडलं. जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळपास दीड वर्ष, राज्याच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष काम पाहत होते. कोणता आमदार पात्र नि कोणता अपात्र हे ठरवणारं पद ते, आणि नेमकं शिवसेनेत फूट पडली तेव्हा ते रिकामं. ११ मे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरलं, पण उद्धव ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्याने जुनी स्थिती आणता आली नाही. अपात्रतेचा प्रश्न गेला तो नव्या अध्यक्षांकडेच. करारात काय हवं असं मला विचाराल तर सर्वांत वर लिहीन: अध्यक्षपद एक दिवसही रिकामं राहणार नाही.

तिसरी_घंटा

वकीलबाई, अध्यक्षपदाचा मुद्दा बिनतोड आहे. करार पाळला जाईल यावर माझा अजून विश्वास नाही. पण पटलावर ठेवायला माझी हरकतही नाही.

आजोबा_सोलापूर

२०१९ च्या महाविकास आघाडीने किमान समान कार्यक्रम जाहीर केला होता, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यातली दहा रुपयांची थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दोन लाखांपर्यंतची पीककर्जमाफी महिनाभरात नागपूर अधिवेशनात जाहीर झाली. जे कागदावर होतं ते झटपट झालं. अध्यक्षपद, महामंडळं, निधीवाटप हे त्यात नव्हतं, आणि भांडणं तिथेच झाली. मी वर छातीचं बोललो त्यावर ठाम आहे, पण कागदाची किंमत मला नाकारता येत नाही.

वारणाकाठ

आजोबा, वकीलताई, काका, माई, सगळ्यांचं वाचून मागणी बदलतोय. आमच्या आमदारांना पत्र लिहायचं ठरवलंय. मसुदा असा: विश्वासदर्शक ठरावाआधी करार पटलावर, त्यात खातेवाटप, समन्वय समितीच्या मासिक बैठका, अडलेल्या नस्तीसाठी मुदत, अध्यक्षपद आणि मंत्रिमंडळाच्या शपथेसोबतच पालकमंत्र्यांची यादी. वकीलताई, सभागृहाच्या नियमांत बदल सुचवायचा तर तो कोणत्या समितीकडे जातो, आणि साधा आमदार तो मांडू शकतो का?

वकील_पार्वती

नियम समितीकडे जातो, आणि हो, कोणताही आमदार सुचवू शकतो. पत्रात अशासकीय ठरावाचाही, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायच्या ठरावाचाही, पर्याय लिहा. अधिवेशनात अशासकीय कामकाजाला वेळ राखून ठेवलेला असतो, आणि ठराव मंजूर झाला नाही तरी त्यावरची चर्चा कामकाजात छापली जाते. मसुदा इथे टाका, भाषा तपासून देते.

गोदाकाठची_माई

माझी सही पहिली. पालकमंत्र्यांचं कलम शेवटी ढकलू नका मात्र.